बाबांनी केलेलं काम कुठे लिहायचं?

दोन वर्षांपूर्वी एका रविवारी सकाळी एका बाईंनी माझ्यासमोर पत्र्याची पेटी उघडली. आत त्यांच्या वडिलांचे कागद होते. वडील अभियंते. ऐंशीच्या दशकात संगणकाच्या पडद्यावर देवनागरी उमटावी म्हणून पुण्यात जी मंडळी झटत होती, त्यांतले एक. पेटीत पिवळी पडलेली माहितीपत्रके होती, पेन्सिलीने दुरुस्त केलेल्या सर्किटच्या आकृत्या होत्या, दोन मासिकांचे अंक होते आणि कुठल्याशा प्रदर्शनातला एक फोटो. फोटोत ते टाय बांधून मॉनिटरशेजारी उभे आहेत. पडद्यावर ठिपक्यांनी जुळवलेले 'स्वागतम्' दिसते, आणि 'म'चा पाय मोडणारी रेघ एक ठिपका बाजूला सरकलेली आहे.

मी बरीच वर्षे मराठी विकिपीडियावर संपादन करते, हे त्या बाईंना ठाऊक होते. "ताई, बाबांचं एक पान करून द्या ना," एवढेच त्यांचे म्हणणे होते.

दुपारपर्यंत मी सगळे कागद वाचले. संध्याकाळी त्यांना फोन करून सांगितले की पान होणार नाही. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग त्या म्हणाल्या, "बरं. मग बाबांनी केलेलं काम कुठे लिहायचं, तेवढं सांगा."

त्याच आठवड्यात विकिपीडियाच्या पानाचा आणखी एक मसुदा माझ्यापुढे आला होता. तिशीतला एक तरुण 'टेक उद्योजक', आणि खाली तब्बल २२ संदर्भ. मी ते एकेक करून उघडले. अकरा ठिकाणी एकच प्रसिद्धीपत्रक होते. 'लहानपणापासूनच संगणकाची ओढ असलेल्या' हे वाक्यही अकरा वेळा तसेच, फोटोही तोच. चार बातम्यांच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिले होते की या मजकुराशी संपादकीय विभागाचा संबंध नाही. तीन मुलाखती, म्हणजे त्या तरुणाने स्वतःविषयी सांगितलेले. दोन पुरस्कारांच्या याद्या, जिथे नाव घालायलाच शुल्क लागते. उरलेल्या दोन बातम्यांत त्याचे नावच नव्हते. हे पानही झाले नाही.

दोघांना एकाच नियमाने नकार दिला. नियम बरोबर आहे, असे मला त्या दिवशीही वाटत होते आणि आजही वाटते. पण बाईंनी विचारलेला प्रश्न त्या नियमाने सुटत नाही. तो आपल्या सगळ्यांवर येतो, आणि आपण तो उचलत नाही.

आधी त्या नियमाबद्दल, कारण तो फार चुकीचा समजला जातो. मराठीत त्याला 'उल्लेखनीयता' म्हणतात आणि शब्दानेच घोटाळा होतो. उल्लेखनीय म्हणजे थोर, नावाजलेला, असे ऐकणाऱ्याला वाटते, आणि नकार मिळाला की "आमच्या माणसाने काहीच केलं नाही म्हणता?" असा राग येतो. प्रत्यक्षात नियम फक्त एवढे विचारतो: ज्याचे या व्यक्तीशी काही देणेघेणे नाही अशा कोणी, आपणहून, सविस्तर, आणि चुकीला कोणीतरी जबाबदार असते अशा ठिकाणी तिच्याबद्दल लिहिले आहे का? माणूस मोठा की लहान, हे नियम ठरवत नाही. त्याच्याबद्दल खात्रीने लिहिता येईल इतके साहित्य आहे का, एवढेच बघतो.

हे असे का, ते जुन्या कोशांशी ताडून बघितले की कळते. केतकरांच्या ज्ञानकोशाचे २३ खंड निघाले तेव्हा कोणती नोंद घ्यायची आणि कोणती गाळायची, याची जबाबदारी केतकरांची होती. वाईला मराठी विश्वकोशाचे काम सुरू झाले तेव्हा तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी प्रमुख संपादक होते आणि विषयाविषयाचे जाणकार हाताशी होते. खंडावर नाव छापलेले असे. चुकले तर कोणाला विचारायचे, ते वाचकाला माहीत होते. मराठी विकिपीडिया २००३ साली १ मे रोजी सुरू झाला. तिथे संपादन करणारी मी कोण, माझे शिक्षण काय, हे वाचकाला माहीत नसते आणि माहीत असायची गरजही नाही. एखाद्याने लिहिलेली संगणकप्रणाली उत्तम आहे की सामान्य, हे ठरवण्याचा मला काहीही अधिकार नाही. म्हणून माझ्या शब्दामागे दुसऱ्या कोणाचा तरी तपासलेला शब्द असावा लागतो.

राजकारणी निवडणूक लढवतो, तिचा निकाल सरकारी दप्तरी असतो. खेळाडूच्या धावा आणि विकेट मोजलेल्या असतात. नाटककाराच्या प्रयोगाचे परीक्षण येते. अभियंत्याचे तसे होत नाही. तो दहा, पन्नास, कधी पाचशे जणांच्या गटात काम करतो. काय करतो हे बाहेर सांगू नये, असे त्याच्या करारातच लिहिलेले असते. तयार वस्तूवर नाव कंपनीचे येते. विजय भटकरांच्या उल्लेखनीयतेवर कोणी वाद घालणार नाही: त्यांच्या नेतृत्वाखाली पुण्यात १९८८ साली सी-डॅक ही संगणक-संशोधनाची सरकारी संस्था उभी राहिली, १९९१ साली तिचा परम ८००० हा महासंगणक आला, त्यावर देशात आणि बाहेर लिहिले गेले. पण त्या यंत्राचे प्रोसेसर एकमेकांशी बोलायला लावणाऱ्या, रात्री-अपरात्री त्याच्या केबली तपासणाऱ्या बाकीच्यांबद्दल कोणी काय लिहिले? फारच थोडे.

दुसरीकडे, ज्यांच्याबद्दल भरपूर लिहिले जाते, ते का लिहिले जाते हेही बघावे लागते. आपल्याकडच्या तंत्रज्ञानाच्या बातम्या बहुतांशी पैशाच्या बातम्या असतात. कोणत्या कंपनीत किती कोटींची गुंतवणूक आली, कोणाला कितीचे पॅकेज मिळाले. वस्तू काय आहे, ती चालते कशी, तिच्यात नवीन काय, हे चौथ्या परिच्छेदानंतरही येत नाही. त्यात पैसे देऊन लावून घेतलेल्या बातम्यांची भर. महाराष्ट्राला हे नवे नाही. २००९च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारांच्या कौतुकाचा तोच मजकूर वेगवेगळ्या वृत्तपत्रांत शब्दशः छापला गेला होता, त्यावर देशभर चर्चा झाली आणि प्रेस कौन्सिलच्या उपसमितीने २०१० साली पेड न्यूजवर अहवाल दिला. तेव्हा गाजले ते उमेदवारांचे. आज तीच सोय 'ब्रँड' म्हणून कोणालाही मिळते. भारतीय वृत्तपत्रांतला असा मजकूर संदर्भ म्हणून धरताना काळजी घ्या, अशी वेगळी सूचना इंग्रजी विकिपीडियाच्या संपादकांना लिहून ठेवावी लागली आहे. आपल्या पत्रकारितेबद्दल परक्यांनी असे लिहावे, याचे मला वाईट वाटते. पण ते खोटे नाही.

नियम सैल केला तर काय होते, याचे एक उदाहरण मी नव्या संपादकांना नेहमी सांगते. २०१५ साली इंग्रजी विकिपीडियाने एकमेकांशी जोडलेली ३८१ बनावट खाती बंद केली आणि त्यांनी तयार केलेली २१० पाने काढून टाकली. ही टोळी काय करायची? ज्यांचे मसुदे नाकारले गेले आहेत असे छोटे व्यावसायिक, कलाकार शोधायचे, पैसे घेऊन त्यांचे पान चढवायचे, आणि पुढे ते पान 'सांभाळण्यासाठी' महिन्यामहिन्याला पैसे मागायचे. म्हणजे ज्याला पानाची हौस होती, तोच शेवटी नाडला गेला. आपल्याकडे "विकी पेज करून देतो" म्हणून फोन येतात, ते कोणाला येतात ते बघा. नुकताच पुरस्कार मिळालेल्या, नुकती कंपनी काढलेल्या तिशीतल्या मुलांना. पान म्हणजे पाटी नव्हे, हे त्यांना कोणी सांगत नाही. ते पान उद्या कोणीही बदलू शकते. कंपनी बुडाली, गुन्हा दाखल झाला, तर तेही तिथे येणार, आणि "माझं पान आहे, काढून टाका" म्हणता येणार नाही.

एवढे म्हटल्यावर नियम लावताना आम्हा संपादकांकडून काय चुकते, तेही सांगितले पाहिजे. डॉना स्ट्रिकलंड यांची गोष्ट सगळ्यांना तोंडपाठ असायला हवी. लेसरचा क्षणिक झोत प्रचंड शक्तिशाली करण्याचे तंत्र त्यांनी जेरार मूरू यांच्याबरोबर १९८५ साली मांडले. आज डोळ्यांच्या लेसर शस्त्रक्रियेत ते वापरले जाते. २०१८च्या मे महिन्यात त्यांच्यावरचा मसुदा इंग्रजी विकिपीडियावर नाकारला गेला. दिलेल्या संदर्भांवरून विषय पात्र ठरत नाही, असा शेरा होता. २ ऑक्टोबरला त्यांना भौतिकशास्त्राचे नोबेल जाहीर झाले, तेव्हा त्यांचे पान अस्तित्वात नव्हते. मूरू यांचे होते.

लोक म्हणतात, नियमच वाईट. मला तसे वाटत नाही. अभ्यासक आणि प्राध्यापकांसाठी तिथे वेगळा निकष आधीपासून होता: मोठ्या विद्वत्संस्थेने फेलो म्हणून निवडणे, तिचे अध्यक्षपद भूषवणे अशा गोष्टी वृत्तपत्रांतल्या बातम्यांशिवायही पुरतात. स्ट्रिकलंड २०१३ साली ऑप्टिकल सोसायटीच्या अध्यक्ष होत्या. दार उघडे होते, तपासणाऱ्याने ढकलून पाहिले नाही. माझ्या हातून असे किती वेळा झाले असेल, या विचाराने आजही अस्वस्थ व्हायला होते. समोर पन्नास मसुदे पडलेले असतात, त्यांतले चाळीस जाहिराती असतात, आणि डोळा शिणतो. चाळीस जाहिराती नाकारल्यावर एकेचाळिसावा मसुदा आपण त्याच नजरेने बघतो.

क्लॅरिस फेल्प्स यांचे प्रकरण याहून अवघड आहे. अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेत त्या काम करत. ११७ क्रमांकाचे मूलद्रव्य घडवायला लागणारे २२ मिलिग्रॅम बर्केलियम हे किरणोत्सारी मूलद्रव्य शुद्ध करून रशियातल्या दुब्नाला पाठवायचे होते, आणि बर्केलियम असे की वर्षाच्या आत निम्मे होऊन जाते. ते शुद्ध करणाऱ्या गटात त्या होत्या. त्यांचे पान २०१९ साली काढले गेले, कारण बहुतेक मजकूर त्यांच्याच संस्थेने लिहिलेला होता. त्यावर मोठे वादळ झाले, मग वृत्तपत्रांनी त्यांच्याबद्दल स्वतंत्रपणे लिहिले, आणि २०२० साली पान परत आले. मला विचाराल तर, काढले तेव्हा नियम लावण्यात उघड चूक नव्हती, आणि परत आले तेही योग्यच झाले. पण मधल्या वर्षाने एक गोष्ट दाखवून दिली. मूलद्रव्य २०१० सालीच जगाला माहीत झाले होते. नऊ वर्षे त्यासाठीचे बर्केलियम शुद्ध करणाऱ्या हातांबद्दल कोणालाही लिहावेसे वाटले नव्हते, आणि पान काढल्यावर वाटले.

म्हणून मी या प्रश्नाची दिशा बदलावी म्हणते. तंत्रज्ञाच्या बाबतीत 'माणूस उल्लेखनीय आहे का' हा प्रश्न आपण फार लवकर विचारतो. आधी 'काम उल्लेखनीय आहे का' हे विचारायला हवे. ते असेल तर कामाचे पान नीट लिहावे आणि त्यात माणसाचे नाव पुराव्यासकट, जागच्या जागी यावे.

'ॲप' हा शब्द घ्या. यातला 'ॲ' हे एक स्वतंत्र अक्षर आहे आणि युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला संगणकासाठी ठरावीक क्रमांक देणाऱ्या जागतिक व्यवस्थेत, ते २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आले. त्याआधी 'अ' लिहून त्यावर चंद्र द्यावा लागे. दिसायला दोन्ही जवळजवळ सारखे, पण संगणकाच्या लेखी वेगळे. म्हणून आजही एका पद्धतीने लिहिलेले 'ॲप' दुसऱ्या पद्धतीने शोधले तर बऱ्याचदा सापडत नाही. 'बॅट'मध्ये चंद्र व्यंजनावर बसतो म्हणून तिथे अडचण येत नाही. शब्दाच्या सुरुवातीला स्वर आला की येते. युनिकोडमध्ये अक्षर आपोआप येत नाही. कोणीतरी प्रस्ताव लिहितो, छापील पुस्तकांतले नमुने जोडतो, समिती शंका काढते, उत्तरे द्यावी लागतात. हे कागद सार्वजनिक असतात आणि त्यांवर प्रस्ताव देणाऱ्याचे नाव असते. असा प्रस्ताव लिहिल्याने कोणी स्वतंत्र पानाला पात्र होत नाही. तो त्या व्यक्तीचा स्वतःचा कागद आहे, तिच्याबद्दल इतरांनी लिहिलेला नाही. पण देवनागरी अक्षराच्या पानावर, ते युनिकोडमध्ये कसे आले या परिच्छेदात, त्या नावाला पूर्ण हक्काची जागा आहे. आमच्याकडच्या किती अक्षरांच्या पानांवर असा परिच्छेद आहे?

किंवा 'मंगल' फाँट. महाराष्ट्रातल्या सरकारी कचेऱ्यांत युनिकोड आल्यापासून ज्याने मराठीत एक तरी पत्र टाइप केले आहे, त्याने तो वापरला आहे. 'ल' आणि 'श' आपल्या वळणाचे न येता उत्तरेकडच्या वळणाचे येतात म्हणून त्याच्याबद्दल कुरकुरही केली आहे. तो फाँट र. कृ. जोशी यांनी केला. र. कृं.चे नाव राहिले, कारण ते कवी होते, सुलेखनकार होते, आयआयटी मुंबईत शिकवत होते. त्यांच्याबद्दल लिहिणारे शिष्य आणि समकालीन होते. पण अक्षराला वळण दिल्यावर 'क्ष' आणि 'त्र' नीट जुळावेत, रफार योग्य जागी चढावा, यासाठी प्रणालीत नियम लिहावे लागतात. ते लिहिणारेही कोणी होते. इन्स्क्रिप्ट कळफलक शिकताना मोहन तांबे यांचे आणि जिस्ट या संगणकावर भारतीय लिप्या आणणाऱ्या तंत्राचे नाव कितीजणांनी ऐकले? आपल्या लिपीचा गेल्या चाळीस वर्षांतला सगळ्यात मोठा बदल याच लोकांनी घडवला. छापखान्याच्या इतिहासात आपण खिळे पाडणाऱ्यांची नावे शोधतो, आणि यांतले अनेकजण अजून हयात असताना, फोन करून विचारता येत असताना, विचारत नाही.

तंत्रज्ञ बातमीत येतो तो बहुधा काहीतरी मोडल्यावर. २९ मार्च २०२४ला अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने जाहीर केले की फाइली दाबून लहान करणाऱ्या एक्सझेड या साध्या साधनात कोणीतरी चोरदरवाजा बसवला आहे. दूरच्या संगणकावर लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त का लागतो, या शंकेने तो खोदत गेला होता. जगभरच्या सर्व्हरांवर बसलेले हे साधन मुख्यतः एकच माणूस वर्षानुवर्षे फावल्या वेळात सांभाळत होता, हे सामान्य वाचकाला त्या आठवड्यात कळले. अशा माणसाचे पान करावे का? मी नाही म्हणेन. एका वाईट घटनेमुळे प्रकाशात आलेल्या खासगी माणसाला आयुष्यभर तिच्याशी बांधून ठेवणे हा अन्याय आहे. घटनेचे पान करावे, आणि ते साधन कोणी, कसे, कशाच्या बळावर सांभाळले ते त्यात सविस्तर लिहावे.

चावडीवर, म्हणजे मराठी विकिपीडियाच्या चर्चेच्या पानावर, या विषयाची चर्चा निघाली की एक सूर हमखास लागतो: इंग्रजीचे निकष आपल्याला कशाला, आपल्या माणसांना आपणच घेतले नाही तर कोण घेणार? यामागची कळकळ मला समजते. पण मराठीत नेमाने काम करणारे संपादक मूठभर. जिवंत व्यक्तीचे पान करून ठेवले आणि कोणी पाहणारे नसले, तर दोन वर्षांत ते शिळे होते. कोणी येऊन बदनामी लिहून जातो आणि महिनोन्महिने ती तशीच राहते. आपल्या माणसावर प्रेम असेल तर त्याला अशा उघड्यावर ठेवू नये. निकष तोच असावा. मात्र पुरावा कशाला म्हणायचे, यात आपण स्वतःवर अन्याय करतो आणि तो थांबवावा. संदर्भ इंटरनेटवर असलाच पाहिजे, असा नियम कुठेही नाही. 'सृष्टिज्ञान' मासिक १९२८पासून निघते आहे. मराठी विज्ञान परिषद १९६६ सालची, तिची पत्रिका आहे. दिवाळी अंकांत अभियंत्यांवर आणि कारखान्यांवर अभ्यासून लिहिलेले लेख आलेले आहेत. हे सगळे पूर्ण वजनाचे संदर्भ आहेत. ग्रंथालयात जाऊन अंक काढायचा, पान क्रमांक टिपायचा, एवढेच कष्ट आहेत, आणि मसुद्याला 'संदर्भ द्या' असा साचा चिकटवणे त्याहून सोपे असते म्हणून आम्ही ते करतो.

आयईईई या अभियंत्यांच्या जागतिक संघटनेसारख्या संस्थेने बरोबरीच्या लोकांतून निवडलेला फेलो इंग्रजीत पुरेसा आधार मानतात, तो मराठीतही बिनदिक्कत मानावा. पेटंटची संख्या, फॉलोअरची संख्या, मोठ्या कंपनीतले पद, मिळालेली गुंतवणूक यांतले काहीही मानू नये. पेटंट हे अर्जदाराने स्वतःच्या कामाचे स्वतः केलेले वर्णन असते, आणि पदावर उद्या दुसरा कोणी असतो.

पेटीतल्या त्या दोन मासिकांपैकी एकात संगणकावरच्या भारतीय लिप्यांबद्दल एका त्रयस्थ लेखकाचा लेख होता. त्यात बाईंच्या वडिलांनी केलेल्या, संगणकात बसवायच्या कार्डाबद्दल अर्धा परिच्छेद होता, नावासकट. तेवढ्यावर माणसाचे पान होत नाही. पण संगणकावरच्या देवनागरीच्या इतिहासात एक वाक्य होते, आणि ते मी अंक, महिना, पृष्ठ देऊन लिहिले. बाईंना दुवा पाठवला. त्यांनी ते वाक्य फोनवर मोठ्याने वाचले, आणि वडिलांच्या नावातला एक ऱ्हस्व उकार दीर्घ करायला सांगितला. मी तो केला. मग त्यांनी विचारले की हा अंक एखादे ग्रंथालय ठेवून घेईल का. पुण्यातल्या एका जुन्या ग्रंथालयाशी मी त्यांची गाठ घालून दिली, अंक तिथे पोचला. सर्किटच्या आकृत्या मात्र अजून पेटीतच आहेत. त्या वाचू शकेल आणि त्यांच्यावर लिहू शकेल, असा माणूस मी शोधते आहे.